प्रायश्चित्त कोणी घ्यायचे?

१४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी जमली होती. निमित्त व्याख्यानाचे. व्याख्यानात काय सांगितले गेले ते आज कोणाच्या लक्षात नाही. नंतर चहा आला आणि बिस्किटे आली, हे मात्र साऱ्या महाराष्ट्राच्या लक्षात राहिले. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, आणखी चाळिसाच्या आसपास माणसे होती. काहीजण चहा प्याले, काहींनी यजमानांचा मान राखायला पेला नुसता हातात धरला. पुढे गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावेच ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. हे गोपाळराव म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, आणि खोडी काढण्यात त्यांचा हात धरणारा त्या काळच्या पुण्यात दुसरा नव्हता.

मग जे झाले त्याला जुन्या मराठीत नेमका शब्द आहे : ग्रामण्य. सनातन्यांनी तक्रार केली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. पाद्र्याच्या हातचा चहा पिणाऱ्याच्या घरी श्राद्धाला ब्राह्मण मिळेना, पंगतीला शेजारी बसायला माणूस मिळेना. एका पेल्याने पुण्याची दोन वर्षे खाल्ली. टिळकांनी शास्त्राच्या अंगाने वाद घातला आणि आपण काशीत प्रायश्चित्त घेऊन आलो आहोत असे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये मित्रांसाठी म्हणून प्रायश्चित्त घेतले. सुधारकांच्या पुढाऱ्याने मान तुकवली म्हणून त्यांच्यावर टीका झाली. त्यांच्या पत्नी रमाबाईंनाही ते रुचले नव्हते, हे त्यांच्या आठवणी वाचलेल्यांना ठाऊक आहे.

या प्रकरणाला आपण आज हसतो. पण त्यामागची व्यवस्था हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. चूक झाली की तिला दर ठरलेला होता. तो चुकता केला की माणूस पुन्हा पंगतीत. बहिष्काराच्या भिंतीला दार होते आणि दाराशी टोलनाका होता, एवढेच. खरी गोम दुसरीकडे होती. हा नाका पुरुषांसाठी होता. चहा पिऊन आलेल्याला परत यायची वाट होती; पाऊल वाकडे पडलेल्या विधवेला कोणत्या दराने परत घ्यायचे, हे पुण्यातला कोणताही शास्त्री सांगत नव्हता. तिच्यासाठी आड-विहीर होती, नाहीतर काशी.

चहाच्या प्रसंगाला महिना उलटतो न उलटतो तोच, नोव्हेंबरमध्ये, पंडिता रमाबाईंचे विधवांच्या शिक्षणासाठीचे शारदा सदन मुंबईहून पुण्यात आले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला जोतीराव फुले वारले. एका शहरात, सात आठवड्यांच्या आत, या तीन गोष्टी घडल्या. पुणे चहाच्या हिशेबात गुंतले होते तेव्हा त्याच शहरात एक बाई वेगळाच हिशेब मांडत होती : प्रायश्चित्त घ्यायचे तरी कोणी?

रमाबाई हा हिशेब बाळपणापासून करत आल्या होत्या. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले आणि मुलीलाही. त्या काळच्या ब्राह्मण समाजात हे पाप चहापेक्षा मोठे होते. पुढे सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते निघालेच. नद्या, मंदिरे, व्रते, उपास, ब्राह्मणभोजने. पुराण सांगायचे, मिळेल त्या दक्षिणेवर राहायचे, आणि त्या दक्षिणेतलेही दान करायचे. पोथीत लिहिलेली एकही अट त्यांनी सोडली नाही. १८७४ च्या सुमाराला दुष्काळाने गाठले तेव्हा गाठीला काही उरले नव्हते. वडील गेले, काही महिन्यांत आई गेली, मागोमाग थोरली बहीण. आईच्या तिरडीला चार खांदे मिळेनात. रमाबाई स्वतः एका बाजूला उभ्या राहिल्या. उंची कमी, म्हणून आपल्या वाटचा भार डोक्यावर घेतला. सोळा वर्षांच्या मुलीने हे केल्यावर देवाकडे मागण्यासारखे तिच्याजवळ काय उरले असेल, हे मला सांगता येणार नाही. पण पुढे आयुष्यभर ‘अट’ या गोष्टीचा तिला जो तिटकारा राहिला, त्याचे मूळ इथे असावे असे मला वाटते.

भाऊ श्रीनिवास आणि ती हजारो मैल पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी तिची परीक्षा घेऊन ‘सरस्वती’ पदवी दिली. केशवचंद्र सेनांनी तिच्या हाती वेद ठेवला आणि वाच म्हणाले. धर्मशास्त्रे वाचता वाचता तिच्या ध्यानात आले की हे ग्रंथ एकमेकांशी हजार बाबतींत भांडतात, पण दोन गोष्टींवर त्यांचे एकमत आहे. एक, बाईची जात मुळातच वाईट. दोन, तिला मोक्ष हवा असेल तर नवऱ्याची सेवा करून, जन्मामागून जन्म घेऊन, शेवटी पुरुष होऊन यायला हवे. हे तिने पुढे १९०७ साली छापलेल्या आपल्या साक्षीत स्पष्ट लिहिले आहे. तीर्थाला जाऊन भागणारे हे नव्हते. रांगेत उभे राहायचे आणि आपला क्रमांक या जन्मात लागणारच नाही हे आधीच ठाऊक असायचे.

बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी १८८० मध्ये लग्न, मुलगी मनोरमा, आणि १८८२ मध्ये वैधव्य. सिल्चरच्या घरात नवऱ्याच्या पुस्तकांत तिला लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. उधळ्या मुलाची गोष्ट चार शुभवर्तमानांपैकी फक्त लूकमध्ये आहे. बापाची मिळकत उडवून डुकरे राखायला लागलेला पोर परत येतो, काय बोलायचे ते मनात जुळवून आणतो, आणि बाप ते पुरते ऐकूनही न घेता धावत जाऊन मिठी मारतो. पण गोष्ट वाचणे वेगळे आणि ती कुठेतरी घडताना पाहणे वेगळे. पाहायला रमाबाईंना लंडनला जावे लागले.

पुण्यात १८८२ मध्ये आर्य महिला समाज काढून त्या पुढच्याच वर्षी इंग्लंडला निघाल्या. वैद्यक शिकायचे होते. वाँटेजच्या सेंट मेरी द व्हर्जिन मठाच्या सिस्टरांनी त्यांना आसरा दिला. याच मठाच्या सिस्टर पुण्यात पंचहौदलाही काम करत होत्या, म्हणजे तो प्रसिद्ध चहा आणि हा आसरा एकाच घरचे. काही महिन्यांनी हवापालट म्हणून सिस्टरांनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमच्या शाखेत पाठवले. तिथे ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या बायकांसाठी आश्रम होता. रमाबाईंनी पाहिले ते असे : रस्त्यावरून आणलेल्या बायका स्वच्छ कपड्यांत काम करत आहेत, त्यांच्याशी कोणी नाक मुरडून बोलत नाही, आणि त्यांतल्याच काही आता आजाऱ्यांची सेवा करायला राहिल्या आहेत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात अशा बाईला राजाने चव्हाट्यावर कुत्र्यांकडून फाडवावे असे सांगितले आहे, हे त्यांना पाठ होते. त्यांनी सिस्टरला सरळ विचारले, तुम्ही हे का करता?

सिस्टरने उत्तराऐवजी योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडला. भर दुपारी सूखार गावाच्या विहिरीवर एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. पाच नवरे झालेले, आताचा नवराही नाही. यहूदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नाहीत. तिथे बसलेला यहूदी येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो.

इंग्रज सिस्टरला त्यात दयाळूपणा दिसला असेल. ब्राह्मणाच्या घरात वाढलेल्या बाईला त्यात पाणी दिसले असणार. विटाळलेल्या भांड्यातले पाणी, परजातीच्या बाईच्या हातचे, तेही अशा बाईच्या. आणि मागताना तिने आधी काय सोडावे, कोणते व्रत करावे, याचा उच्चार नाही. तिचा सगळा पाढा त्याला ठाऊक आहे, तो तिला बोलूनही दाखवतो, पण पाणी आधी मागतो. क्रम उलटा आहे. पुण्याच्या मंडळींना ज्या पेल्यासाठी दोन वर्षे दंड भरावा लागला, त्याच जातीचा हा पेला. फक्त इथे देवाचा माणूस तो स्वतः मागून घेत होता.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजच्या चर्चमध्ये रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात हलकल्लोळ झाला. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याआधी वाँटेजलाच जीव दिला होता, त्यामुळे संशयाला आणखी खतपाणी मिळाले. बाजूने बोलणारे मोजके. त्यांत जोतीरावांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ काढून रमाबाईंची कड घेतली.

इथे गोष्ट संपली असती तर ती कोणत्याही मिशनच्या पत्रकात शोभली असती. पण रमाबाई पत्रकात मावणाऱ्या नव्हत्या. बाप्तिस्म्यानंतर त्यांचे आणि सिस्टर जेराल्डीन यांचे जे खटके उडाले, ते त्यांच्या पत्रव्यवहारात राहिले आहेत. त्रैक्याचा सिद्धांत जसाच्या तसा का मानायचा? क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत? मांस-अंडी खाणार नाही, मग तो जातीचा अभिमान कसा? एका पुरोहिताचे जोखड मानेवरून काढले ते दुसऱ्याचे घालून घ्यायला नव्हे, असा त्यांचा सूर. जेराल्डीनबाईंना हा उर्मटपणा वाटला. देवाने बिनशर्त स्वीकारलेल्या माणसालाही चर्च अटी घालते, आणि त्या अटींना शिस्त म्हणते. पुण्याचे शास्त्री आणि वाँटेजच्या सिस्टरा यांत फार अंतर होते हे खरे. पण टोलनाके दोन्हीकडे होते. रमाबाईंनी हे ओळखले, याचे मला त्यांच्या संस्कृतापेक्षा अधिक कौतुक वाटते.

आणि त्यांनी स्वतःबद्दलही एक कबुली दिली आहे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता, असा तिचा मथितार्थ. बाप्तिस्मा घेतला, प्रार्थना पाठ म्हटल्या, चर्चचे सभासद झाले, म्हणजे तारण होईल, अशी त्यांची समजूत होती. म्हणजे काय, तर तीर्थयात्राच. गंगेऐवजी बाप्तिस्म्याचे पाणी, पोथीऐवजी प्रार्थनापुस्तक, हिशेब तोच.

तो सुटला १८९१ च्या सुमाराला, म्हणजे पुण्यात, ग्रामण्य ऐन भरात असताना. हातात पुस्तक होते विल्यम हॅस्लम यांचे. हे गृहस्थ इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला पाद्री होते. १८५१ मध्ये एका रविवारी ते व्यासपीठावर उभे राहून प्रवचन देत होते, आणि देता देता त्यांच्याच ध्यानात आले की आपण जे सांगतो आहोत ते आपल्याला अजून मिळालेलेच नाही. तिथेच त्यांचा पालट झाला, आणि पाद्रीबुवाच बाटले अशी हाकाटी लोकांनी केली. कीर्तनकाराला कीर्तनातच साक्षात्कार व्हावा, तशातली ही गोष्ट. रमाबाईंनी ती वाचली आणि स्वतःला तपासले. त्यांना जे उमगले ते त्यांच्या साक्षीत आहे : क्षमा कमवायची नसते, ती दिलेली असते. आहे तसे यायचे. पुढच्या जन्मापर्यंत थांबायचे नाही, पुरुष व्हायचे नाही, पंडिता तर नाहीच नाही.

एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. मराठी बायबलात ख्रिस्ताच्या मरणाविषयी सांगताना ‘प्रायश्चित्त’ हाच शब्द येतो. शब्द धर्मशास्त्रातला, पण अर्थाने पालथा झालेला. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त पापी माणूस घेतो, आणि ब्राह्मण ते सांगतो. बायबलात प्रायश्चित्त हे माणसाचे करणेच नव्हे. देवाने आपल्या पुत्राला ते केले, आणि पाप्याच्या हाती उरला तो फक्त घेणाऱ्याचा हात. जन्मभर दोन्ही शास्त्रे वाचलेल्या रमाबाईंना हा उलटलेला शब्द दिसला नसेल असे मला वाटत नाही. रानडे प्रायश्चित्ताला बसले, त्या काळात त्यांच्याच गावात एका बाईला वाटत होते की ते केव्हाच झालेले आहे.

याचा व्यवहारी परिणाम लवकरच दिसला. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत, मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले, केसरीने झोड उठवली, पालकांनी मुली नेल्या. विधवाशिक्षणाचा एक चांगला प्रयोग धर्माच्या वादात सापडला, ही हळहळ आजही ऐकू येते, आणि ती अगदीच अस्थानी नाही. वचन दिले होते ते धर्मनिरपेक्ष शिक्षणाचे. उघडे दार हे आमंत्रण नाही असे म्हणता येते. पण दार बंदही करता आले असते.

मात्र पुढे जे झाले त्याने माप बदलले. रमाबाई भिकारणीच्या वेषात वृंदावनला जाऊन आल्या आणि तिथल्या विधवांचे काय होते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. तिथे उपाशी पोरींच्या मागे दलाल हिंडत होते. रमाबाईंनी शेकडो मुली आणि बायका गोळा करून आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून केडगावला घेतलेल्या माळरानावर तंबू ठोकले. त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या गर्दीत अशाही बायका होत्या ज्यांना कोणतेही सभ्य घर, विधवाश्रमसुद्धा, उंबऱ्यावर उभे करत नव्हते. त्यांच्यासाठी १८९९ मध्ये रमाबाईंनी निराळे घर काढले आणि नाव ठेवले कृपासदन.

नाव नीट पाहावे. सुधारगृह नव्हे, अनाथगृह नव्हे. शारदेत विद्या आहे, मुक्तीत सुटका आहे. कृपेत येणारीने काही करायचेच नाही. फुलहॅमला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंनी सोळा वर्षांनी दौंडजवळच्या माळावर बांधले.

इथे रमाबाईंच्या एका विधानाला मात्र हरकत घ्यायला हवी. अशा बायकांसाठी आपल्या देशात कोणी काही केल्याचे ऐकले-पाहिले नाही, असे त्या लिहितात. पण जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्येच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवा. १८७४ मध्ये अशाच एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, त्यांनी पोटाशी धरले. प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपूरला बालकाश्रम काढला तो १८७५ चा. आणि पंढरपूरचे नाव निघालेच आहे तर, ‘पतितपावन’ हा शब्द काही जहाजातून आलेला नाही. गणिकेची मुलगी कान्होपात्रा विठ्ठलाच्या पायाशी गेली, देवळात तिच्या नावाचे झाड आहे. अभंगात कृपा बिनशर्त होती, पंगतीत नव्हती. रमाबाईंचा रोख पंगतीवर होता, पण त्यांनी अभंगाला आणि जोतीरावांना त्यांचे श्रेय द्यायला हवे होते.

आणि मुक्तीच्या आवारातही सगळे बिनशर्त होते असे समजू नये. घंटेवर उठायचे, घंटेवर प्रार्थना, घंटेवर काम. भुकेल्या मुलीपुढे आधी भाकर आणि मग शुभवर्तमान ठेवले तर तिने कशाला होकार दिला, हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला, आजही विचारावा. माझ्यापुरते उत्तर असे की आत येण्याला अट नव्हती. राहण्याला होत्या. बहुतेक घरांचे असेच असते.

शेवटची वर्षे रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्या बाईला कळेल असे मराठी लिहायचे म्हणून जड शब्द गाळत बसल्या. छपाई केडगावलाच, खिळे जुळवणाऱ्या आश्रमातल्याच बायका. मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते त्यांच्यामागे, १९२४ मध्ये.

केडगाव पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. मुक्ती मिशन अजून चालू आहे.